चाकावरचं मेण

आमच्या नाटक कंपनीत पाऊस पाडणारा, ढग गडगडवणारा आणि घोडे दौडवणारा माणूस एकच होता, आणि त्याला सायकल चालवता येत नव्हती.

विंगेतल्या अंधारात उभा राहून तो मोठा पत्रा हलवायचा आणि पुढच्या रांगेतली माणसं दचकून छताकडे बघायची. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीसुद्धा कुणी घेत नसे. गडगडराव म्हणायचे सगळे. स्वतः मात्र इतकं हळू बोलायचा, की चहा हवा का विचारलं तर त्याचं ‘हो’ ऐकायला कपबशी खाली ठेवावी लागायची. कान असा तिखट, की प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहातली कुठली खुर्ची कुरकुरतेय हे त्याला आतून कळायचं. मध्यंतर झालं की जाऊन तिला गप्प करून यायचा.

गप्प करायचं त्याचं औषध एकच, मेणबत्तीचं थोटूक. ते कायम त्याच्या खिशात असे. दार कुरकुरलं, लाव मेण. रंगमंचाची फळी करकरली, लाव मेण. पडद्याची कप्पी किंचाळली, लाव मेण. आमचे खलनायक त्याला दर दौऱ्यावर म्हणायचे, “गडगडराव, एक तुकडा मला द्या. घरी नेतो. सासूबाईंच्या जबड्याला लावून बघतो.” तो लाजून हसायचा. पण ती शांतता त्याला खरंच प्रिय होती. मी एकटीच रंगमंचावर बसलेली असायचे, पत्र वाचून झालेलं असायचं, आणि पुढचं वाक्य बोलायच्या आधी मी जी सोडायचे ती शांतता. लोकांना वाटायचं, ती माझी. तिच्यातली अर्धी गडगडरावाच्या मेणाची होती, हे मला माहीत होतं.

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही सगळे वाऱ्यावर उडालो. मला दोन खोल्या आणि आठवणी पुरल्या. त्याला पोट होतं. चढाच्या रस्त्यावर, मधोमध, एका जिन्याखाली अरुंद गाळा मिळाला, तिथे त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दोर, कप्प्या, चाकं, तारा यांत त्याचा जन्म गेलेला. पंक्चर, चेन, वाकलेले आरे हे सगळं तो झटक्यात शिकला. सायकलवर बसणं तेवढं जमलं नाही. लहानपणी एकदा पडला होता, तेव्हापासून पायडलवर पाय ठेवला की त्याला घाम फुटायचा. समोरचा न्हावी म्हणायचा, “आमचे गडगडराव म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवणारे.”

म्हणून त्याने आपली एक पद्धत काढली. छताला दोन आकडे ठोकले होते. दुरुस्त झालेली सायकल त्यांना टांगायची, चाक हाताने गरगरवायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. चाक बोललं नाही, चेन बोलली नाही, तर सायकल बरी झाली. मी त्याच्या दुकानात स्टुलावर बसून हे कितीतरी वेळा पाहिलंय. एखादा वैद्य नाडी धरतो तसा तो चाकाजवळ कान न्यायचा. मला ते फार सुंदर वाटायचं. अजूनही वाटतं, आणि तेच अवघड आहे.

त्याची थोरली बहीण चढाच्या टोकाला राहायची. ताई शिवणकाम करायची. आमच्या कंपनीचे कपडेही तिच्याच हातचे. मला महाराणी तिने केलं, बाकीच्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. वयाने साठीच्या पुढची, अंगाने काटक, आणि तिची ती मोठी काळ्या मुठीची कात्री तिच्याशिवाय कुणी उचलायची नाही असा दंडक. जाड कोटाचं कापड ती चार पदरी घडी करून एका दमात कापायची. करर्र करत कात्री या टोकाची त्या टोकाला. मापं घ्यायला आणि शिवलेले कपडे पोचवायला ती शहरभर सायकलवरून फिरे. मुलगा आणि सून कामावर जात. “बसने जा गं आई,” मुलगा म्हणायचा. ताई म्हणायची, “बस मला माझ्या वेळेला नेत नाही, तिच्या वेळेला नेते.”

तिच्या सायकलचा ब्रेक मात्र किंचाळायचा. किंऽऽऽ असा लांब. उतारावरून ती आली की गल्लीतली कुत्री भुंकायची, पोरं तिची नक्कल करायची. एका गिऱ्हाईक बाईंचं तान्हं मूल मोठ्या कष्टाने झोपलं होतं, ते ताईच्या ब्रेकने उठलं. त्या बाई दारातच म्हणाल्या, “तुम्ही येता हो, पण भोंगा घेऊन येता.”

ताईला ते लागलं. त्याच दिवशी ती भावाच्या दुकानात आली. मी होतेच तिथे.

“अरे, तू आख्खं वादळ गप्प करायचास,” ती म्हणाली. “माझं एवढंसं चाक तुझ्याच्यानं गप्प होत नाही?”

“बघतो,” तो म्हणाला.

“बघू नकोस. कर. मला लाज वाटते कुणाच्या दारात जायची.”

सायकल आकड्यांना टांगली गेली. त्याने चाक फिरवलं, ब्रेकची मूठ दाबली. किंऽऽऽ. नट आवळले. किंऽऽऽ. रबरं काढून उलटी-सुलटी करून बसवली. आवाज तसाच, उलट जरा वरच्या पट्टीत. ब्रेकला तेल लावत नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यालाही ठाऊक होतं. दुपार कलली तसा त्याचा हात आपोआप खिशात गेला. तेल वेगळं, मेण वेगळं, असं त्याने मनाशी म्हटलं. तेल ओलं, मेण कोरडं. पुढे त्याने मला सांगितलं, “बाई, मी स्वतःलाच वकील झालो होतो.”

चाकाच्या ज्या कडेला रबर टेकतं, त्या कडेला, दोन्ही बाजूंनी, दोन्ही चाकांना, त्याने हलकेच मेण फिरवलं. मऊ फडक्याने चोळलं. मग चाक गरगरवलं आणि मूठ दाबली. चाक थांबलं. हवेत टांगलेलं, अंगावर कुणाचंच ओझं नसलेलं चाक, ते काय, बोट लावलं तरी थांबतं.

“ऐका,” तो मला म्हणाला.

मी कान दिला. “काहीच ऐकू येत नाही की रे.”

“तेच तर ऐका.”

त्याचा चेहरा असा फुलला होता, जसा पहिल्या प्रयोगाच्या रात्री फुलायचा. ताई संध्याकाळी आली, सायकल हातात धरून चढ चढत घरी घेऊन गेली. जाता जाता तिने त्याच्या पाठीवर थाप मारली.

सकाळी ती एक शिवलेला कोट पोचवायला निघाली. घरापासून उतार सुरू होतो आणि न्हाव्याच्या दुकानाच्या खाली रस्ता काटकोनात वळतो. वळणावर दगडी पायऱ्या आहेत, त्यांना लोखंडी कठडा आहे. त्या वळणाच्या वर तिने ब्रेक दाबला. काही आवाज झाला नाही. काही झालंच नाही. ती भावाच्या दुकानासमोरून गेली तेव्हा तो एका ट्यूबचं भोक पाण्यात शोधत होता. त्याला ती गेलेली ऐकूसुद्धा आली नाही. कठड्यावर आदळल्याचा आवाज आला तेवढा.

डावं मनगट मोडलं. गुडघा सोलवटला. कोटाला काही झालं नाही. तो तिने पडताना छातीशी धरला होता.

भाच्याने आईला दवाखान्यात नेलं. सायकल न्हाव्याने गडगडरावाच्या दुकानात आणून टेकवली. आता पुढचं तो सांगतो तसं सांगते, कारण मी तिथे नव्हते. दुकानात तो एकटा होता. त्याने चाकाच्या कडेवर अंगठा फिरवला. अंगठा घसरला, एखाद्या जेवणाच्या ताटलीवरून घसरावा तसा. मग त्याने ब्रेकची तार पाहिली. नटाने जिथे आवळलेली असते तिथून ती चांगली बोटभर सरकून आली होती. तार अशी सरकते ती माणसाने जीव खाऊन मूठ दाबली तरच. त्याला सगळं कळलं. कळायला काही राहिलंच नाही.

आणि मग त्याने काय केलं? दाराचा अर्धा पडदा ओढला, स्पिरिटची बाटली काढली, आणि दोन्ही चाकांच्या कडा पुसून काढल्या. घासून घासून. तार ओढून पुन्हा आवळली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. हात आपले आपणच चालले, असं तो म्हणतो. मी ते खरं मानते. लाज वाटली की माणूस आधी हातच झाकतो.

दुपारी भाचा आला. घामाघूम, डोळे लाल. त्याने सायकल बाहेर काढली, टांग मारली, वळणाच्या अलीकडे जाऊन ब्रेक दाबला. किंऽऽऽ! सायकल जागच्या जागी उभी.

“ब्रेक तर कडक लागतोय, मामा.”

गडगडराव हातातला पाना पुसत राहिला.

“म्हणजे आईच्याच हातात जोर उरला नाही. मी केव्हाचा सांगतोय, पण माझं ऐकतंय कोण! ती म्हणतेय, मी दाबला, अगदी जोरात दाबला. आता या वयात तिला जोर वाटला म्हणजे जोर होता का? तूच सांग.”

त्या वेळी त्याने एक शब्द बोलायचा होता. दोन अक्षरी, ‘होता’. तो शब्द त्याच्या टाळ्याला चिकटला. भाचा सायकल तिथेच टेकवून गेला. मेणाचा पुरावा याने पुसला, आणि पुसलेला तो ब्रेक बहिणीच्या विरुद्ध साक्ष देऊन आला.

मनगट जुळलं. डॉक्टरांनी सांगितलं, हाड छान बसलंय, कामाला लागा. पण ताई कामाला लागेना. मी तिला भेटायला गेले तर शिवणयंत्रावर चादर टाकलेली. पलंगाच्या कडेला बसून ती उजव्या हाताची मूठ मिटत होती, उघडत होती, मिटत होती.

“बाई, हा हात फसवा निघाला,” ती म्हणाली. “मोडला तो डावा, पण त्याचं मला दुःख नाही. दोन्ही हातांनी मी आवळलं होतं. अगदी दात-ओठ खाऊन. मला वाटलं जोर आहे. आणि जोर नव्हताच. असं कसं हो, आपल्याला कळत नाही?”

“अगं, घाबरलीस म्हणून असेल.”

“घाबरले नंतर. दाबलं आधी.” मग खालच्या आवाजात, “आता कात्री धरायची कशी? कापताना वाटेल जोर आहे, आणि लोकांचं कापड वाकडं जाईल. मी सुनेला सांगितलंय, भाजीसुद्धा तूच चीर बाई.”

मी यंत्रावरची चादर नीट केली आणि उठले. मला तेव्हा काही माहीत नव्हतं.

गडगडराव रोज संध्याकाळी बहिणीकडे जायचा. बिस्किटांचा पुडा घेऊन जायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, ‘बरं आहे ना’ म्हणायचा आणि उठायचा. घरात पुड्यांची रास झाली. सून म्हणाली, “मामा, आम्ही आता बिस्किटांचं दुकान काढतो, तुमच्या दुकानाशेजारी.” सगळे हसले, तोही हसला, आणि जिन्यावर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. ज्याच्या मनात खोट नाही त्याला थट्टा थट्टाच वाटते. याला प्रत्येक शब्द बोट दाखवून उभा राहिल्यासारखा वाटे. दुकानात कुणी ब्रेक घेऊन आला, की हा म्हणायचा, “ब्रेकचं काम मी करत नाही.” सायकल दुरुस्तीवाला ब्रेकचं काम करत नाही, म्हणजे स्वयंपाकी म्हणतो मी चुलीजवळ जात नाही! न्हाव्याने खूप चिडवलं. गिऱ्हाईक पुलापलीकडच्या दुकानात जाऊ लागलं.

मग एका संध्याकाळी ताईने त्याच्यापुढे कागदात गुंडाळलेली वस्तू ठेवली.

“ही ने तू. दुकानात पत्रा कापायला होईल.”

कागद उलगडून बघतो तर ती काळ्या मुठीची कात्री. शिंपिणीने आपली कात्री पत्रा कापायला द्यायची, याचा अर्थ शिवणारा माणूसच जाणे. त्या कात्रीने कुणी कागद कापला तरी ताई घर डोक्यावर घ्यायची.

तो तिथून उठला तो थेट माझ्याकडे आला. कात्री मांडीवर ठेवून बसला आणि सगळं सांगितलं. मेण, अंगठा, पडदा, स्पिरिट, भाच्याचा तो प्रश्न. माझ्याकडे न बघता, जमिनीवरच्या सतरंजीला सांगितल्यासारखं. सांगून झाल्यावर म्हणाला, “बाई, तुम्ही सांगा ना तिला. तुम्हाला संवाद म्हणायची सवय आहे.”

“माझे संवाद दुसऱ्याने लिहिलेले असायचे,” मी म्हटलं. “हा तुझा आहे. तुलाच म्हणावा लागेल.”

“मला कधी संवाद नव्हता. मी पत्रा हलवायचो.”

“मग तालीम करू. चल, ऊठ. मी ताई. ही मी पलंगावर बसले. तू आत आलास. बोल.”

तो उभा राहिला. “ताई, म्हणजे, काय होतं ना, की रिमच्या पृष्ठभागाचं घर्षण–”

“थांब, थांब. ताईला घर्षण कळत नाही. ताईला कळतं, कुणी काय केलं.”

“ताई, काही वेळा असं घडतं की मेण–”

“घडतं? आपोआप घडतं? आकाशातून पडतं का मेण?”

तो मटकन खाली बसला. “नाही जमत, बाई. ‘मी’ म्हटलं की पुढचं येतच नाही.”

त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. पण दुसऱ्या दिवशी तो एक गोष्ट करून आला, आणि ती त्याला सोपी गेली नसणार. तो ताईची सायकल हाताने ढकलत पुलापलीकडच्या दुकानात गेला. तो मिस्त्री म्हणजे आडदांड, बोलणं गल्लीभर ऐकू जाणारं. याने सांगितलं, बहिणीची सायकल आहे, ब्रेक किंचाळतो, कुणीतरी त्याला मेण लावलं होतं.

“मेण?” मिस्त्री ओरडला. “कुठल्या गाढवानं?”

“होता एक गाढव.”

“मग त्या गाढवाला सांग, ब्रेकला गप्प करायचं नसतं, सरळ करायचं असतं!” दुकानातली दोन-तीन माणसं हसली. मिस्त्रीने सायकल जमिनीवर उभी केली, स्वतः वर बसून ब्रेक दाबून पाहिला, मग उतरून खाली वाकून दाखवू लागला. रबर गुळगुळीत होऊन चकाकत होतं, ते काढून पॉलिश पेपरवर घासलं, वरची साय निघेपर्यंत. चाकाची कड स्पिरिटने पुसली. ब्रेकचा चिमटा लटलट हलत होता, त्याचा मधला नट हलकेच आवळला. मग रबर बसवताना त्याच्या मागच्या टोकाखाली कागदी पुठ्ठ्याचा पातळ तुकडा घातला, मूठ दाबून धरली, नट कसला, आणि पुठ्ठा काढून घेतला.

“हे बघ. रबराचं पुढचं टोक आधी टेकलं पाहिजे, मागचं मागाहून. सगळं एकदम टेकलं किंवा मागचं आधी टेकलं की ते थरथरतं. ती थरथर म्हणजे तो आवाज. चालत्या माणसाची टाच आणि चवडा असतो ना, तसं. फक्त उलटं.” मग एकदम थांबून म्हणाला, “तू तो चढावरचा ना रे? गडगडराव?”

“हो.”

मिस्त्रीचा आवाज जरा खाली आला. “बहीण कशी आहे?”

म्हणजे त्याला कळलं होतं. गडगडराव म्हणतो, त्या माणसाच्या ओरडण्याची मला लाज वाटली नाही, तो हळू बोलला त्याची वाटली.

पुठ्ठ्याचा खेळ त्याने मग स्वतःच्या दुकानात पुन्हा केला. दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंना. या वेळी सायकल आकड्यांना टांगली नाही. चालत ढकलायची आणि एकदम ब्रेक दाबायचा, असं गल्लीत पुन्हा पुन्हा. पुढचा ब्रेक दाबला की मागचं चाक उचललं जायचं. आवाज पूर्ण गेला नाही. कापड ओढल्यासारखं हलकं स्स राहिलं. पूर्वी त्याने त्याच्याही मागे धावून त्याला गप्प केलं असतं. या वेळी राहू दिलं.

रविवारी तो मला घ्यायला आला. “तुम्ही नुसत्या बसा,” म्हणाला. “कुणीतरी समोर असलं की मला पळता येणार नाही.”

सायकल ढकलत आम्ही चढ चढलो, ती जिन्याखाली लावून वर गेलो. ताई पलंगावर, सून स्वयंपाकघरात, भाचा खिडकीशी चपलेचा तुटलेला पट्टा बघत. गडगडरावाने कात्री बहिणीच्या पुढ्यात ठेवली.

“पत्रा कापला नाही?” ती म्हणाली.

“ताई,” तो म्हणाला. तालमीतलं काही त्याला आठवलं नाही, हे बरंच झालं. “ताई, मी मेण लावलं होतं.”

“कशाला?”

“तुझ्या चाकांना. आवाज जावा म्हणून. म्हणून ब्रेक लागला नाही.”

भाच्याने चप्पल खाली ठेवली. “पण मी स्वतः बघितलं, मामा. ब्रेक लागत होता.”

“तू यायच्या आधी मी पुसलं होतं. स्पिरिटनं. तार सुटली होती, ती पण आवळून ठेवली होती. तू मला विचारलंस, आणि मी बोललो नाही.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने हाताची मूठ मिटली आणि विचारलं, “म्हणजे मी दाबला होता?”

“दाबला होतास.”

“जोरात?”

“तार नटातून बोटभर ओढलीस तू, ताई. माझ्या पान्याने आवळलेली. एवढा जोर माझ्या हातात नाही.”

“आणि हे तुला त्याच दिवशी माहीत होतं?”

त्याची मान खाली गेली. कान लाल झाले होते. “त्याच दिवशी.”

आता ती उठली. “अरे, मग तू रोज इथं येऊन काय बिस्किटं देत होतास? मी या हाताकडे बघून रडत होते, ते बघत होतास, आणि बिस्किटं देत होतास? सुनेनं माझी भाजी चिरली! माझी वेणी सुद्धा तिनं घातली दोनदा! मी म्हटलं, गेला हात, आता उरलं काय? आणि तू खुर्चीवर बसून म्हणतोस, बरं आहे ना!”

“आई, जाऊ दे,” भाचा म्हणाला.

“तू गप्प बस. तू काय म्हणाला होतास? जोर वाटला म्हणजे जोर होता का!”

भाच्याचीही मान खाली. एकाच खोलीत मामा-भाचे दोघे जमिनीकडे बघत उभे, दोन अपराधी पोरांसारखे. सून दारात येऊन उभी राहिली होती, ती परत आत गेली.

मग भाचा म्हणाला, “आता तरी ब्रेक लागतो कशावरून? मामाला तर चालवताच येत नाही.”

“लागतो,” गडगडराव पुटपुटला.

“तू म्हणतोस.”

“हो. मी म्हणतो.” त्या ‘मी’त इतका थोडा दम होता, की मला त्याच्याकडे बघवेना.

ताईने कोट अंगात चढवला. कपाटावरून मापाची फीत काढून खिशात टाकला. “चल खाली,” ती भावाला म्हणाली. “मी चालवते. तू मागे बस.”

“मी?”

“तू. लागला तर दोघं थांबू. नाही लागला तर दोघं कठड्यावर. या वेळी तू पण ऐक, चाक टांगून नव्हे, मागे बसून.”

रविवारची वेळ, रस्ता भरलेला. न्हावी दुकानाच्या दारात येऊन उभा. लहानपणी पडल्यापासून सायकलवर न बसलेला माणूस म्हातारपणी बहिणीच्या मागे कॅरियरवर बसला, गुडघे वर, पाय कुठे ठेवावेत ते कळेना, आणि दोन्ही हातांनी तिचा कोट पाठीमागून घट्ट धरलेला. न्हाव्याने तोंड उघडलं होतं काहीतरी बोलायला. गडगडरावाचा चेहरा बघून त्याने ते मिटलं. मी आणि भाचा उतारावर वर उभे होतो. भाचा माझा हात धरून होता, का मी त्याचा, आठवत नाही.

ती निघाली. ब्रेक न दाबता निघाली, मुद्दाम. न्हाव्याच्या खाली, वळणाच्या वर, तिने मुठी आवळल्या. ते हलकं स्स आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं. सायकल मंदावली, मंदावली, आणि कठड्याच्या बऱ्याच अलीकडे उभी राहिली. ताईने एक पाय टेकला. मागचा माणूस तसाच, डोळे मिटून.

“कोट सोड,” ती म्हणाली. एवढं मोठ्याने, की आम्हाला ऐकू आलं.

तो सोडेना. मग सोडला, उतरला. ताईने हँडल वळवलं आणि आम्हाला वाटलं ती परत येईल. ती वर आली नाही. तिने त्याला पुन्हा मागे बसायला सांगितलं आणि दोघं वळणापलीकडे दिसेनासे झाले. भाच्याने हाक मारली, ती त्यांना पोचली नसावी.

कुठे गेले ते संध्याकाळी कळलं. त्या तान्ह्या मुलाच्या आईकडे. त्यांचा कोट शिवायचा केव्हाचा राहिला होता. ताई आत मापं घेत बसली, गडगडराव बाहेर पायरीवर सायकल धरून. बाई सोडायला दारात आल्या, तर म्हणाल्या, “आज तुम्ही आल्याचं कळलंच नाही. आणि हे कोण?”

“माझा भाऊ,” ताईने सांगितलं. “सायकली दुरुस्त करतो.”

गडगडराव उठून उभा राहिला. त्याने बाईंकडे पाहिलं नाही, ताईकडेही नाही, ब्रेकच्या रबराकडे पाहत म्हणाला, “करत नाही अजून. शिकतोय.”